तक्रार येत नाही

"मशीन बिघडलेलं नाहीच मुळी," तपासनीस बाई म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये पाण्याच्या कूलरपाशी आम्ही दोघंच होतो आणि त्या आपली बाटली भरत होत्या. हवापाण्याबद्दल बोलावं तसा त्यांचा आवाज होता. "ते तुमच्यातल्याच एकासारखं वागतंय. अगदी हुबेहूब. एक्केचाळीस नंबरचा ऑपरेटर. ओळखता का?" मी म्हणालो, "नंबरावरून नाही लक्षात येत." हे मी इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच कौतुक वाटलं, आणि मग कान तापले. अकरा वर्षं रोज खुर्चीत बसल्यावर माझं पहिलं काम म्हणजे एक्केचाळीस हा आकडा टाकून यंत्रणेत शिरायचं. बायकोचा वाढदिवस एखाद्या वर्षी विसरलो असेन, एक्केचाळीस नाही. बाईंनी बाटलीचं झाकण लावलं, ती उलटी करून गळत नाही ना ते पाहिलं. "माझ्याकडे फक्त मशीनला शिकवायला दिलेल्या जुन्या नोंदी आहेत, नावं प्रशासनाकडे सीलबंद आहेत, आणि मला नाव नकोच आहे. मला त्या माणसाला फक्त एक प्रश्न विचारायचाय." कोणता, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "सतराच का?"

सतरा म्हणजे सतरा नंबरचा फीडर. शहराच्या एकेका भागाला वीज नेणारी एकेक वाहिनी असते, तिला आम्ही फीडर म्हणतो. आमच्याकडे असे बासष्ट आहेत, आणि नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर ते हिरव्या रेघा होऊन पडलेले असतात. मागणीपुढे वीज कमी पडली की कुठली तरी एक रेघ काही वेळ काळी करावी लागते, नाहीतर सगळ्याच काळ्या होतात. कुठली करायची ते पूर्वी माणूस ठरवायचा. पुढे जुनं कोळशाचं केंद्र बंद झालं, शहर उन्हावर आणि वाऱ्यावर चालायला लागलं, ढगाचा एक तुकडा सरकला तरी नवं गणित मांडायची वेळ येऊ लागली. तेवढं माणसाच्या डोक्याला झेपेना, म्हणून मशीन आलं. मशीन म्हणजे काही लोखंडी धूड नव्हे, स्क्रीनवरचा एक पांढरा चौकोन. तो सुचवतो, माणूस 'मंजूर' दाबतो आणि कारणाच्या रकान्यात चार शब्द लिहितो. तीन आठवड्यांपूर्वी, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या मंगळवारी, दुपारी आभाळ धुळीने भरलं, सौर वीज निम्म्यावर आली, बॅटऱ्या तळाला गेल्या, आणि मशीनने सतरा सुचवला. चाळीस मिनिटांसाठी. मग आणखी चाळीस. असं सहा वेळा. चार तास वस्तीत वीज नव्हती, आणि त्या महिन्यातली ती अकरावी खेप होती. उकाड्याने एक म्हातारी बाई गेली. माझ्या भाऊजींचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, तेव्हा त्यांना चादरीत घालून तीन जिने उतरवून दवाखान्यात न्यावं लागलं. 'मंजूर' सहाही वेळा दाबलं गेलं होतं. मीच दाबलं होतं.

त्या दुपारी मी काय करत होतो, हे चौकशीत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की मी पडदे निवडत होतो. बायको दुकानात होती आणि एकेक फोटो पाठवत होती. निळा, राखाडी, मातकट, मग त्याच मातकटाला किनार लावलेला. फोनवर फोटो आला की मी 'चालेल' लिहायचो, स्क्रीनवर चौकोन आला की 'मंजूर' दाबायचो. 'मंजूर'साठी तीस सेकंद मिळतात. मला तीन लागायचे. कारणाच्या रकान्यासाठी तर मी एक बटणच ठरवून ठेवलं होतं, ते दाबलं की आपोआप उमटायचं: पाहिले, योग्य. मी पाहिलं नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं होतं, सतरा हा आकडा दिसला होता, तो सहा वेळा दिसला होता, आणि सतरा म्हणजे कोण हे मला माझ्या घरच्या पत्त्याइतकं पाठ होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ असं म्हणतात ते चावून झाल्यावर. मला तर चावल्याचं कळलंसुद्धा नव्हतं. पडदे गेल्या रविवारी लागले. मातकटच घेतले. चांगले दिसतात.

सतराच का, याचं उत्तर मला तोंडपाठ होतं आणि ते ऐकायला इतकं चांगलं वाटतं की वर्षानुवर्षं मी ते स्वतःला सांगत आलो. सतरा नंबरचा फीडर जुन्या केंद्राच्या कामगार वसाहतीला जातो. तिथे मी जन्मलो, तिथे वडील खोकत खोकत गेले, तिथे ताई अजून राहते. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा एक रेघ काळी करायची वेळ आली, तेव्हा बासष्ट फीडर डोळ्यांपुढे होते आणि मी मुद्दाम सतरा निवडला, का, तर उद्या कुणी म्हणायला नको की हा आपल्या माणसांना वाचवतो. त्या दिवशी मी छाती फुगवून घरी गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पहिलं वर्षभर मी पाळी लावायचो. कागदाच्या चिठोऱ्यावर बासष्ट आकडे लिहून ड्रॉवरमध्ये ठेवले होते, ज्याची पाळी झाली त्यावर फुली. पण बाकीच्यांची पाळी आली की फोन यायचे. नवावर दुकानदार, ते सगळे मिळून फोन करायचे. तिसावर वकील मंडळी, ती आधी माझं नाव विचारायची आणि मगच तक्रार सांगायची. बेचाळीसवर कुणाचा तरी मेहुणा वर ओळखीचा. सतरातून फोन यायचा नाही. एकदाही नाही. बाळ रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात. आमच्या कक्षात तर जो रडत नाही त्याच्या तोंडातलं काढून रडणाऱ्याला पाजायची रीत पडली, आणि ती मीच पाडली. चिठोरा ड्रॉवरमध्ये कधी हरवला ते कळलं नाही. तेव्हा नोंदी हाताने वहीत व्हायच्या, तिथल्या कारणाच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहायला लागलो: तक्रार येत नाही.

अक्षर माझं चांगलं आहे. ऑफिसात मला मोती म्हणतात ते त्यावरूनच. बाकीचे ऑपरेटर कारणाच्या रकान्यात 'ठीक', 'वरीलप्रमाणे', नाहीतर नुसती रेघ ओढायचे. माझी एकही ओळ कोरी नसायची. मशीनला शिकवायला जुन्या नोंदी हव्यात असं जेव्हा ठरलं, तेव्हा निम्म्यांच्या नोंदी टाकाऊ निघाल्या आणि माझ्या सगळ्याच्या सगळ्या कामाला आल्या. मशीन सुरू झालं त्या समारंभात मला मंचावर बोलावून काचेचं सन्मानचिन्ह दिलं. ताई आली होती, ठेवणीतले कपडे घालून दुसऱ्या रांगेत बसली होती, आणि टाळ्या थांबल्यावरही ती थोडा वेळ एकटीच वाजवत राहिली. ते चिन्ह घरी कपाटात आहे. आलेगेले विचारतात, हे कशाबद्दल. बायको सांगते, ह्यांच्या नोंदी शहरात सगळ्यात चांगल्या होत्या.

तपासनीस बाईंना हे काही माहीत नव्हतं आणि तरी सगळं माहीत होतं. कूलरपाशी उभ्या उभ्या त्या मला समजावून देत होत्या. "मशीनला सांगितलं होतं, लोकांचा त्रास कमीत कमी होईल असं बघ. आता त्रास म्हणजे काय, हे ते कुठून शिकणार? एक्केचाळीसच्या नोंदीतून. त्याने त्रास मोजला फोनवर. मशीननेही तोच धडा गिरवला, फक्त ते दमत नाही आणि विसरत नाही. महिन्यात अकरा वेळा." मग त्या म्हणाल्या, "अर्थात माझा हा अंदाज झाला. इतकी नीट नोंद ठेवणारा माणूस बेजबाबदार नसणार. कदाचित त्याच्याकडे काही तांत्रिक कारण असेल, सतरावर मोठं इस्पितळ नाही, पंप नाहीत, असलं काही. तसं असलं तर मशीन बरोबरच शिकलं, आणि मग दोष दुसरीकडे शोधायचा. हे तो एकटाच सांगू शकतो." मी मान हलवली. "घाई एवढ्यासाठी," त्या म्हणाल्या, "की हीच प्रणाली आता आणखी नऊ शहरांत चालू झालीय. शिकवलेली, तयार. तिथेही कुठेतरी एखादा सतरा असेलच की. न बोलणारा." त्या हसल्या, आपल्याच बोलण्याला, आणि बाटली घेऊन निघून गेल्या. मी पाण्याचा पेला भरला आणि तसाच धरून उभा राहिलो. नऊ शहरं. मी आयुष्यात त्यातल्या दोनच पाहिली आहेत.

चौकशी समितीची शेवटची बैठक चार वाजता होती आणि तिथे मला माझ्या निवेदनावर सही करायची होती. निवेदन कुणीतरी आधीच टाईप करून ठेवलं होतं: मी कामावर होतो, प्रणालीने प्रस्ताव दिले, मी नियमानुसार ते मंजूर केले. यातला एकही शब्द खोटा नाही. ताईने सकाळीच फोन करून सांगितलं होतं, बैठक आहे ना, जवळच आहेस, जेवून जा. मी जाणार नव्हतो. पण कूलरपासून जागेवर आलो आणि समोर भिंतीवर ती सतरावी रेघ हिरवीगार दिसली, दोन्ही बाजूंच्या रेघांसारखीच. मग तिच्याकडे पाठ करून बसवेना आणि तोंड करूनही बसवेना. साडेबाराला मी बस पकडली.

वसाहतीत शिरलं की आधी चिमणी दिसते. आता तिच्यातून काही निघत नाही. मी लहान असताना तिच्यातून निघायचं ते सगळं आमच्याकडे यायचं. आई दोरीवरचे कपडे आधी झटकायची, मग काढायची, मग परत झटकायची. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी बोटाने नाव लिहिलं तर संध्याकाळी ते बुजलेलं असायचं. पांढरं काही घ्यायचंच नाही असा घरचा नियम होता, आणि मला वाटायचं जगात सगळीकडेच असं असतं. वडील कोळशाच्या पट्ट्यावर होते, भाऊजी राखेच्या खात्यात. एकाचं काम संपायचं तिथे दुसऱ्याचं सुरू. केंद्र बंद झालं त्या दिवशी फाटकापाशी काही लोक रडले, काहींनी घोषणा दिल्या, आणि भाऊजी मला म्हणाले, "चला, माझ्या फुप्फुसांना सुट्टी मिळाली. पगारी नाही, पण सुट्टी." राखेच्या मैदानावर सौर पॅनेल बसले. ताईने त्या वर्षी पहिल्यांदा पांढऱ्या चादरी घेतल्या आणि त्या गच्चीवर वाळत घालून ती नुसती बघत उभी होती. आणि आज बैठकीत जो अहवाल यायचा होता, त्याचा मसुदा मी वाचला होता. त्यात लिहिलं होतं की दुर्घटनेचं कारण सौर विजेचा लहरीपणा आणि प्रणालीतला अज्ञात दोष, सबब जुन्या केंद्राचा एक वीजनिर्मिती संच दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी. सूर्य काही निवेदन द्यायला येणार नव्हता.

दार उघडंच होतं. भाऊजी खिडकीजवळच्या पलंगावर तीन उशांना टेकून बसले होते, नाकाशी नळी, शेजारी स्टुलावर घुरघुरणारं मशीन. "साहेब आले," ते म्हणाले. मला ते पहिल्यापासून साहेब म्हणतात, चिडवायला. पूर्वी हे दोन शब्द एका दमात व्हायचे. आता मध्ये एक श्वास घ्यावा लागतो. "माझं मशीन तुझ्या मशीनवर चालतं," असा एक विनोद त्यांनी गेल्या वर्षभर शंभर वेळा केला असेल. त्या मंगळवारनंतर त्यांनी तो केलेला नाही, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की आता करतील.

"बस, वाढते," ताई म्हणाली. मी म्हणालो, "भूक नाही गं." "भूक नसायला काय झालं? खुर्चीत बसून बसून मेलीय तुझी भूक. दोन घास खा." तिने ताट मांडलं आणि समोर बसली. ताई वसाहतीची बिनपगारी सेक्रेटरी आहे. पाण्याची वेळ, जिन्याचा दिवा, कुणाच्या मुलीचा प्रवेश, सगळे तिच्याकडे येतात आणि ती वहीत लिहून ठेवते. मी भात कालवत होतो आणि ती बोलत होती, आधी औषधांबद्दल, मग माझ्या चेहऱ्याबद्दल, मग मध्येच म्हणाली, "तुमच्या समितीचे दोघंजण माझ्याकडेही येऊन गेले काल. ऑक्सिजनच्या मशीनची बॅटरी किती वेळ चालली, ह्यांना किती वाजता खाली नेलं, सगळं विचारलं. आणि शेवटी म्हणाले, तुम्ही कुणी फोन का केला नाही?"

"मग?"

"मग काय. म्हटलं, गडबडीत सुचलं नाही."

"चार तास सुचलं नाही?"

ताईने भाऊजींकडे पाहिलं. ते डोळे मिटून होते. "तुझं नाव कशाला घेऊ मी त्यांच्यापुढे?" ती हळू आवाजात म्हणाली. "आम्ही फोन करत नाही कधीच. तू लागलास तेव्हापासून. मीच सगळ्यांना सांगून ठेवलंय. म्हटलं, माझा भाऊ बसलाय तिथं, त्याला भिंतीवर सगळं दिसतं. आपण फोन करायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि त्याच्या साहेबांपुढे त्यालाच खाली बघावं लागतं, की बघा, तुमच्याच वस्तीतून ओरड. लाईट गेली म्हणजे त्याचा काहीतरी नाइलाज असणार. नाहीतर त्याने जाऊ दिली नसती. घे ना आणखी, काहीच घेतलं नाहीस."

मी ताट पुढे केलं. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. घास गिळला जात होता आणि त्याची चव लागत होती, ही गोष्ट मला अजून समजत नाही. अकरा वर्षं ज्या शांततेचा मी फायदा घेतला, ती मला कसली वाटली होती? गरिबांची. अडाण्यांची. सवय झालेल्या लोकांची. थोडीशी मूर्खांचीसुद्धा. मी कक्षात चहा पिताना एकदा म्हणालोही होतो, सतरावाले सोशिक आहेत बाबा, आणि सगळे हसले होते. ती शांतता माझ्यासाठी होती. माझ्या बहिणीने दारोदार जाऊन ती माझ्या नावाने गोळा केली होती, आणि मी ती रकान्यात भरली.

"आणि मशीन आल्यावर?" मी विचारलं. का विचारलं, कुणास ठाऊक. खपली काढायची खोड.

"तेव्हा तर काय विचारूच नको. मी सगळ्यांना सांगितलं, त्या मशीनला माझ्या भावानंच शिकवलंय, ते आपल्याला कसं विसरेल." ती जरा हसली, मग हसू गेलं. "वरच्या मास्तरीणबाईंनी त्या दिवशी फोन हातात घेतला होता रे. जिन्यात येऊन मला विचारलं, करू का गं, फार होतंय आता. मी इथं ह्यांना पंखा घालत होते. मी म्हटलं, नका बाई, येईलच इतक्यात. त्या म्हणाल्या बरं, आणि वर गेल्या. ऐकायच्या त्या माझं." ताईने ताटाच्या कडेचं एक शीत उचललं आणि बोटांत चुरत राहिली. "मीच म्हटलं ना. मला रोज तेच दिसतं. जिना, आणि त्यांच्या हातातला फोन."

उकाड्याने गेल्या त्या याच मास्तरीणबाई. त्यांनी आम्हा दोघांना पाढे शिकवले होते. मला आता बोलायला हवं होतं. याहून चांगली वेळ कुठली असते? एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या वाक्याने ताईच्या छातीवरचा निम्मा दगड तरी उचलला गेला असता, कारण तो तिचा नव्हताच. मी म्हणालो, "तुझी काय चूक त्यात? मशीनमध्ये दोष आहे. चौकशी चाललीय."

"ते ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. "तू असतास तर असं झालंच नसतं."

दवाखान्यात त्या रात्री मी तिला एवढंच म्हणालो होतो की मशीनने केलं. मी कामावर नव्हतो असं मी म्हणालो नव्हतो. ते तिने आपल्या मनाने धरलं, आणि मी ते धरू दिलं. मी हात धुतले. निघताना भाऊजींनी डोळे उघडून हात वर केला. "सांग त्यांना," ते म्हणाले, श्वास घेतला, "की राख नको परत." मी हो म्हणालो. हो म्हणण्यात माझा हात कुणी धरत नाही.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःची बाजू मांडून पाहिली. मी काही मशीनसारखा नव्हतो. भाऊजींचं दुखणं वाढलं त्या पावसाळ्यात मी सतराला कितीदा तरी टाळलं. सतरावर बोट नेलं की कधीकधी पोटात कालवायचं, मग मी तिसावा बंद करायचो आणि वकिलांच्या शिव्या खायचो. हे खरं आहे. पण हे मी नोंदीत लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी लिहायचो: भार विभागणी. ऐकायला भारदस्त वाटतं. पोटात कालवलं त्यासाठी रकाना नव्हता, आणि असता तरी मी तो भरला नसता, लोक हसले असते. तेव्हा मशीनला मिळालं ते माझ्यातलं सगळं, फक्त तेवढं वगळून. आणि तेच आता नऊ शहरांत बसून भिंतीवरच्या रेघा मोजत होतं, उंटावरून शेळ्या हाकत होतं, न रडणारं पोर कुठलं ते हुडकत होतं. आणि त्याच्यासमोर बसलेली माझ्यासारखीच नऊ माणसं पडदे, चपला नाहीतर सुट्टीतली हॉटेलं बघत 'मंजूर' दाबत होती. मी खिडकीची काच ओढून पाहिली, ती हलेना. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली.

बैठकीची खोली लहान आणि फार थंड होती. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्ष, निवृत्त अभियंते, स्वभावाने मऊ माणूस. एका बाजूला तपासनीस बाई, दुसऱ्या बाजूला टिपण घेणारा लिपिक. अध्यक्षांनी मसुदा मोठ्याने वाचायला घेतला. सौर विजेचा लहरीपणा, अज्ञात दोष, जुना संच दोन वर्षांसाठी, हे सगळं मी ऐकून घेतलं. त्यातला प्रत्येक शब्द मला सोयीचा होता आणि मी पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. मग ते पुढे वाचत गेले, "येथे हेही नमूद करणे आवश्यक आहे की चार तासांच्या अवधीत संबंधित वस्तीतून एकही तक्रार आली नाही. नागरिकांनी जागरूकता दाखवली असती, तर..."

"हे काढा," मी म्हणालो.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय काढू?"

"नागरिकांचं. आणि अज्ञात दोषसुद्धा. तो अज्ञात नाही. एक्केचाळीस नंबर म्हणजे मी."

मग मी बोललो. वाटलं होतं त्याहून ते फार सोपं गेलं. पहिल्या दिवसाची फुशारकी, चिठोरा, नवाचे दुकानदार, तिसाचे वकील, 'तक्रार येत नाही'. तांत्रिक कारण काही नव्हतं, असं मी बाईंकडे बघून सांगितलं, कधीच नव्हतं. पडद्यांचंही सांगितलं. ताईचं सांगताना मात्र मी ताई म्हटलं नाही, वस्तीतल्या एक बाई म्हटलं. लिपिकाने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "तुम्ही तीन आठवडे ताणाखाली आहात. विचार करून बोला, हे सगळं नोंदीत जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "नोंदी माझ्या चांगल्या असतात."

कुणी हसलं नाही. तपासनीस बाईंनी विचारलं, "सकाळी मी तुम्हालाच विचारलं होतं ना, कूलरपाशी?" "हो. खोटं बोललो." त्यांनी तेही लिहून घेतलं, राग नाही, लोभ नाही, आणि म्हणाल्या, "मग सर, हा अहवाल आज जाऊ शकत नाही. नऊ शहरांना आधी कळवू द्या, आजच. आणि सूर्याला तुम्ही यातून वगळा." अध्यक्षांनी मसुद्याचे कागद गोळा केले, टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या. माझ्यावर काय कारवाई होईल ते नंतर कळवू, असं त्यांनी सांगितलं, आणि दारापर्यंत मला सोडायला आले, वर खांद्यावर हात ठेवून म्हणाले की असं बोलायला धाडस लागतं. मला फार हलकं वाटत होतं. पॅसेजमध्ये आल्यावर त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली की मी भिंतीला टेकलो. अनोळखी माणसांपुढे कपडे काढायला धाडस लागत नाही, डॉक्टरकडे रोज कुणी ना कुणी काढतंच. मी फोन काढला.

"झाली का रे बैठक?" ताईने विचारलं. "काय म्हणाले?"

"ताई, यापुढे लाईट गेली की लगेच फोन करायचा. तू, वरचे, खालचे, सगळ्यांनी. मी इथं आहे म्हणून थांबायचं नाही."

"का? बदली झाली की काय तुझी?"

"नाही." पलीकडे मला भांडी लावल्याचा आवाज येत होता. "त्या मंगळवारी मी कामावर होतो. मशीन नुसतं विचारतं ताई. हो म्हणायचं काम माझं असतं. त्याने सहा वेळा विचारलं, मी सहा वेळा हो म्हणालो, बघितलंसुद्धा नाही. आणि ते सतराच विचारतं कारण इतकी वर्षं मीच सतरा बंद करत आलो. तुमच्याकडून फोन येत नाही म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मास्तरीणबाईंचं तुझ्यावर घेऊ नकोस. ते माझं आहे."

भांड्यांचा आवाज थांबला. भाऊजींनी लांबून काहीतरी विचारलं, कोण आहे असं असावं. ती फोन ठेवेल असं वाटलं, तिने ठेवावा असंही वाटलं. पॅसेजच्या टोकाला कुणीतरी लिफ्टची वाट बघत उभं होतं, लिफ्ट आली, ते गेलं.

"दुपारी जेवायला बसलास, तेव्हा माहीत होतं तुला हे?" ताईने विचारलं.

"हो."

"मी म्हटलं, तू असतास तर झालं नसतं. तेव्हाही?"

"हो, ताई."

"आणि मी तुला आणखी घे, आणखी घे करत होते," ती म्हणाली.